स्टेप्स पाठ आहेत, पण हिप-हॉप कवायतीसारखं दिसतं. चुकतंय कुठे?

नवी_पावलं

व्हिडिओ बघून घरीच हिप-हॉप शिकायला घेतलंय. याआधी कुठलाच नाच शिकलेलो नाही. टू-स्टेप, रनिंग मॅन, कॅबेज पॅच आणि किक-बॉल-चेंज या चार स्टेप्स सावकाश जमतात. अडचणी अशा:

१. काउंट बरोबर असतो, तरी मोबाइलवर शूट करून पाहिलं की कवायत चालल्यासारखं वाटतं.
२. मोजत केलं तर जमतं, गाणं लावलं की पाय मागे पडतात. ‘एक’ नेमका कुठे येतो तेच पटकन सापडत नाही.
३. रनिंग मॅन जागेवर होत नाही, मी पुढे पुढे सरकत जातो.
४. रनिंग मॅन झाल्यावर गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतं. टाइल्सवर करतो, पायात पळण्याचे बूट असतात.

नवीन स्टेप्स शिकत राहू, की आहेत त्याच घोटत बसू?

---

बूमबॅप

नवीन स्टेप्स थांबवा, आणि आहेत त्या चारही थोडे दिवस बाजूला ठेवा. तुमच्या पोस्टमध्ये बाउन्सचा, म्हणजे बीटवर गुडघ्यांतून धड खाली-वर करण्याचा, उल्लेखच नाही, आणि कवायत दिसण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं. पाय बरोबर पडले पण धड सगळा वेळ एकाच उंचीवर राहिलं, तर बघणाऱ्याला पावलं दिसतात, बीट दिसत नाही.

डाउन बाउन्स असा बसवा. पाय खांद्यांइतके रुंद, पंजे किंचित बाहेर वळलेले, गुडघे आधीपासूनच सैल. ‘एक’ला गुडघे वाकवून कंबर साधारण चार बोटं खाली, ‘अन्’ला (दोन आकड्यांच्या मधोमध) वर, ‘दोन’ला पुन्हा खाली. टाचा जमिनीलाच. वर येताना गुडघे पूर्ण ताठ करू नका. ताठ झालेला गुडघा सोडवायला क्षणभर जातो, आणि तेवढ्यात पुढचा बीट हुकतो.

यात एक चूक फार बारीक असते आणि ती सहसा कुणी दाखवून देत नाही. बीट ऐकू आला की खाली जायला सुरुवात करायची, असं बहुतेकांना वाटतं. मग तळाला पोचेपर्यंत बीट निघून गेलेला असतो आणि माणूस कायम अर्ध्या श्वासाने मागे राहतो. तुमचे पाय गाण्यावर मागे पडतात, त्यातही याचा वाटा असणार. बीट वाजेल तेव्हा कंबर तळाला पोचलेली हवी. म्हणजे उतरायला सुरुवात ‘अन्’ होताक्षणी करायची, बीटची वाट बघत थांबायचं नाही.

दुसरी चूक म्हणजे मान आणि खांदे हलतात, गुडघे हलतच नाहीत. तपासायला सोपं आहे: एक हात कमरेच्या हाडावर ठेवा. तो हात खाली-वर होत नसेल तर तो बाउन्स नाही. तिसरी, कमरेतून पुढे वाकून ‘खाली’ जाणं. छाती समोरच बघत राहिली पाहिजे.

बाउन्स न मोजता चालू लागला की त्यावर रॉक चढवा. ‘एक’ला छाती थोडी पुढे, ‘दोन’ला मागे, खाली मात्र दोन्ही वेळा. मग तोच रॉक डावी-उजवीकडे. मागे जाताना पाठीला बाक देऊन पोट पुढे काढू नका; बरगड्या मागे सरकतात आणि पोट आत जातं. हे दोन थर एकत्र टिकायला लागले की टू-स्टेप परत आणा. स्टेप तीच असेल, पण दिसेल वेगळी.

अप बाउन्सही असतो: ‘एक’ला वर, ‘अन्’ला खाली. एकाच स्टेपला दोन्ही लावून बघता येतात आणि पोत पूर्ण बदलतो. पण आधी डाउन पक्का होऊ द्या. दोन्ही एकदम घेतले की शरीर मधल्यामध्ये अडकतं.

---

लयकारी

दुसऱ्या मुद्द्याबद्दल लिहितो, कारण कान तयार नसेल तर वरचा बाउन्सही अंदाजपंचे होतो.

नाचायच्या आधी नुसतं बसून ऐका. हिप-हॉपच्या चार बीटांत किक ड्रमचा जाड ‘धप’ पहिल्यावर असतो, पुढे तो बरेचदा इकडे-तिकडे सरकतो. स्नेअरचा कोरडा ‘टक’ मात्र दुसऱ्या आणि चौथ्यावर ठाम बसलेला असतो. म्हणून किक शोधू नका, स्नेअर शोधा. स्नेअरवर टाळी द्या. टाळी स्थिर झाली की दोन टाळ्यांच्या मधले बीट पहिला आणि तिसरा. त्यातला पहिला कुठला हे बेस आणि शब्द सांगतात: बेसची ओळ फिरून जिथून पुन्हा सुरू होते, तिथे ‘एक’.

नाचात आठ मोजतात. असे चार आठ, म्हणजे ३२ बीट झाले की गाण्यात काहीतरी बदलतं: एखादं वाद्य येतं, एखादं थांबतं, झांज वाजते. सोळा बारचं (एक बार म्हणजे चार बीट) कडवं म्हणजे ६४ बीट, म्हणजेच आठ आठ. हा बदल अगोदर जाणवायला लागला की ‘एक’ शोधावा लागत नाही, तो येताना कळतो.

वेग ८५ ते ९५ बीपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे बीट, धरा. ९०ला एक बीट ०.६७ सेकंदाचा, आणि पूर्ण आठ साधारण ५.३ सेकंदांत होतो. नवख्या शरीराला वजन बदलायला एवढा वेळ पुरतो. ट्रॅप गाण्यांत गोंधळ होतो. वेग मोजणारं ॲप १४० दाखवतं, म्हणून लोक १४०ला बाउन्स करायला जातात आणि दमतात. तिथे स्नेअर तिसऱ्यावर पडतो आणि शरीराने ७०चीच लय धरायची असते. सुरुवातीला अशी गाणी नकोत.

ड्रमवर इतका भर का, त्याचं उत्तर या नाचाच्या जन्मातच आहे. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये डीजे कूल हर्क एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावून फक्त ड्रमचा तुकडा, म्हणजे ब्रेक, लांबवायचा. नाचणारे त्या तुकड्याचीच वाट बघायचे. गाण्याच्या शब्दांवर नाच बसवायची सवय असेल तर ती इथे थोडी बाजूला ठेवावी लागते. शब्दांवर हात-तोंड करण्याआधी ड्रम पायात उतरू द्या.

---

चवडा_टाच

रनिंग मॅन पुढे सरकतो कारण उभा पाय मागे जात नाही. बघताना लक्ष उचललेल्या गुडघ्याकडे जातं, पण खरी स्टेप खालच्या पायात आहे.

फोड करून सांगतो.

‘अन्’: उजवा गुडघा वर, डावा पाय बरोबर शरीराखाली.
‘एक’: उजवा पाय समोर टेकतो आणि त्याच क्षणी डावा मागे घसरतो. आता दोन्ही पाय लांब आहेत, वजन मधोमध, कंबर खाली. पुढचं पाऊल पूर्ण टेकलेलं, मागच्याचा फक्त चवडा.
‘अन्’: मागचा डावा गुडघा वर येतो आणि पुढचा उजवा पाय घसरत परत शरीराखाली येतो.
‘दोन’: डावा समोर टेकतो, उजवा मागे घसरतो.

दोन घसरणी आहेत: आकड्याला मागच्या पायाची, ‘अन्’ला पुढच्या पायाची. तुमची दुसरी हरवली आहे. पुढचा पाय मागे न ओढता तुम्ही शरीरच त्याच्यावर नेताय, म्हणून प्रत्येक पावलाला एक वीत पुढे जाताय.

उपाय: जमिनीवर आडवी चिकटपट्टी लावा. प्रत्येक ‘अन्’ला उभा पाय पट्टीवर परत यायला हवा. दहा वेळा नुसती उजवी बाजू करा, हात कमरेवर ठेवून. पायांमधलं अंतर आपल्या दीड पावलाएवढंच ठेवा; जास्त फाकलं तर परत ओढायला ताकद लागते आणि धड पुढे झुकतं. गुडघाही कमरेपर्यंत उचलायची गरज नाही, निम्म्याने पुरतो.

लयकारींनी सांगितलेला वेग बाउन्स आणि टू-स्टेपसाठी योग्यच आहे. सराव सोपा व्हावा म्हणून काही जण व्हिडिओचा वेग अर्धा करतात, रनिंग मॅनला ते करू नका. ७०च्या खाली एका पायावर इतका वेळ तोल धरावा लागतो की घसरण तुटक होते आणि स्टेप उलट अवघड वाटते. फार तर पाऊणपट करा. त्यापेक्षा हळू शिकायचं असेल तर घसरण काढून टाका, ‘अन्’ आणि ‘एक’च्या स्थिती चित्रासारख्या थांबून तपासा, आणि मग थेट ८५ला जोडा.

---

सांधेजोड

गुडघ्याचं आधी. वाटीभोवती दुखणं हा मांडी आणि वाटीमधला ताण वाढल्याचा नेहमीचा प्रकार आहे. तुमच्या वर्णनात त्याची तीन कारणं एकत्र आली आहेत.

पहिलं, बूट. पळण्याच्या बुटाचा तळ पकड धरण्यासाठीच बनवलेला असतो आणि टाच उंच असते. पाय घसरवायचा किंवा वळवायचा तेव्हा बूट जमिनीला चिकटतो, वरचं शरीर वळतं, आणि पीळ गुडघ्यावर येतो. सपाट, कमी पकडीचा, घोट्याला घट्ट बसणारा बूट घ्या. मोजे घालून टाइल्सवर नाचणं हा पर्याय नाही; त्यात घसरण सोपी होते, पण थांबणं हातात राहत नाही.

दुसरं, टाइल्स. खाली काँक्रीट असल्यामुळे ती अजिबात दबत नाही. लाकडी फ्लोअर मिळाला तर उत्तम. जोडायच्या जाड रबरी मॅटवर उडीचा धक्का कमी बसतो, पण पाय घसरत नाही, त्यामुळे रनिंग मॅनला ती उलट त्रासदायक आहे. टाइल्सच असतील तर उड्यांच्या स्टेप्स एका सत्रात दहा मिनिटांच्या वर नेऊ नका.

तिसरं, उतरण्याची पद्धत. पाय टेकताना गुडघा आत कोसळतोय का ते समोरून शूट करून बघा. वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहायला हवी. आधी चवडा, लगेच टाच, आणि गुडघा वाकलेला. पायाचा आवाज मोठा येत असेल तर धक्का स्नायूंऐवजी सांध्यांत जातोय.

सुरुवातीला पाच-सात मिनिटं अंग गरम करा: जागेवर चालणं, घोटे फिरवणं, अर्ध्या बैठका. नाचून झाल्यावर मांडीचा पुढचा भाग आणि पोटऱ्या ताणा. दुखणं उतरेपर्यंत बाउन्स, रॉक, टू-स्टेप करा, रनिंग मॅन नको. गुडघा सुजला, अडकला, किंवा जिना उतरताना दगा देतोय असं वाटलं तर मात्र सराव पूर्ण थांबवून डॉक्टरांना दाखवा.

---

नवी_पावलं

बीटच्या आधी उतरायला सुरुवात केली आणि कंबर खरंच वेळेवर पोचायला लागली. पट्टीवर पायही परत येतोय, दुखतंय म्हणून उडी न मारता नुसत्या स्थिती तपासतोय. आता पुढचं: टू-स्टेप करताना दुसऱ्या पावलानंतर अडखळायला होतं, कुठला पाय काढायचा तेच कळत नाही. हात तर नुसते लोंबतात. आणि पॉपिंग-लॉकिंग याच्या बरोबरीने सुरू करायचं असतं का?

---

चवडा_टाच

टू-स्टेपमध्ये तुम्ही जोडलेल्या पायावर वजन टाकताय. ‘एक’ला उजवा पाय उजवीकडे, वजन त्याच्यावर. ‘दोन’ला डावा जवळ येतो, पण तो फक्त चवड्याने स्पर्श करतो, वजन उजव्यावरच. म्हणून ‘तीन’ला डावा मोकळा असतो आणि डावीकडे जाऊ शकतो. ‘दोन’ला थांबून डावा पाय उचलून बघा. सहज उचलला गेला तर बरोबर. उचलण्यासाठी आधी शरीर उजवीकडे कलवावं लागलं तर वजन वाटलं गेलंय.

किक-बॉल-चेंजमध्ये नेमकं उलट आहे, म्हणून दोन्ही एकदम शिकणाऱ्यांचा घोटाळा होतो. ‘एक’ला उजवी छोटी किक, ‘अन्’ला उजवा चवडा शरीराखाली, ‘दोन’ला डावा पाय जागच्या जागी. तिथे ‘अन्’च्या चवड्यावर क्षणभर पूर्ण वजन यावंच लागतं, नाहीतर डावा पाय सुटणार नाही. किक नडगीच्या निम्म्यापर्यंतच. उंच गेली की चवडा ‘अन्’ला पोचत नाही.

---

बूमबॅप

हातांसाठी वेगळ्या स्टेप्स शोधू नका. आधी कोपर सोडवा. नवख्यांचे हात लोंबतात किंवा कोपरं बरगड्यांना चिकटतात, दोन्हींमुळे खांदे अडकतात. कोपर काटकोनाच्या जवळपास वाकवा, बरगडीपासून एक तळहात लांब, मूठ अर्धी बंद. आता चालताना हात जसे उलट पायाबरोबर जातात तसे जाऊ द्या, आणि बाउन्सबरोबर तेही खाली ‘बसू’ द्या. हाताला स्वतःचा बीट नको, धडाचा बीट हातापर्यंत पोचू द्या. बोटं ताठ पसरलेली असतील तर बाकी सगळं बरोबर असूनही ताण दिसतो. जबड्याचंही तेच. दात आवळलेत का, मधूनमधून तपासा.

कॅबेज पॅच याच कारणासाठी चांगला आहे. मुठी छातीसमोर जवळजवळ आणून आडवी फेरी घ्यायची. एक फेरी दोन बीटांत: ‘एक’ला मुठी लांब, ‘दोन’ला छातीजवळ. नुसत्या मनगटांनी केला तर भांडं ढवळल्यासारखं दिसतं. फेरी छातीतून निघाली पाहिजे, कंबरही थोडी तिच्यात जाते, आणि खाली गुडघे बाउन्स देत राहतात. हे तिन्ही एकत्र चालले तर समजा शरीर जोडलं गेलंय.

---

लयकारी

पॉपिंग-लॉकिंगबद्दल. ते आत्ता बरोबरीने नको. या नाचांची मुळंही वेगळी आहेत. लॉकिंग १९७०च्या आसपास लॉस एंजेलिसमध्ये डॉन कॅम्पबेल यांच्यापासून आलं. पॉपिंग फ्रेस्नोचे बूगालू सॅम आणि त्यांच्या इलेक्ट्रिक बूगालूज या ग्रुपशी जोडलेलं आहे, तेही १९७०च्याच दशकात. दोन्ही फंक संगीतावर, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वाढली. ब्रेकिंग, म्हणजे ब्रेकडान्स, ब्रॉंक्सचं, २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दिसलं ते हेच. तुमचा रनिंग मॅन आणि कॅबेज पॅच मात्र १९८०च्या दशकातल्या पार्टी डान्सच्या घराण्यातले.

हा फरक सरावातही जाणवतो. पॉपिंगमध्ये मांडी, दंड, मान यांचे स्नायू झटक्यात आवळून लगेच सोडायचे असतात. तुम्ही आत्ता अंग सैल ठेवून बाउन्स शिकताय. एकाच आठवड्यात दोन्ही केलं तर आवळणं बाउन्समध्ये शिरतं आणि कवायत परत येते. आयसोलेशन मात्र आजपासून करा, त्याचा उपयोग सगळीकडे होतो: डोकं, खांदे, छाती, कंबर, एकेका भागाचे दोन-दोन आठ, बाकी अंग स्थिर. छातीला सर्वात जास्त वेळ द्या. ती डावी-उजवीकडे नेताना खांदा वर उचलला जातो, ते होऊ देऊ नका. समोरच्या भिंतीवर आडवी रेघ धरून दोन्ही खांदे तिच्या समांतर ठेवा.

---

बूमबॅप

सरावाची वाटणी सांगतो. रोज वीस-पंचवीस मिनिटं पुरतात आणि आठवड्यातून एकदा दोन तास करण्यापेक्षा ती जास्त उपयोगी पडतात. पाच मिनिटं अंग गरम, एक पूर्ण गाणं नुसता बाउन्स आणि रॉक, पाच मिनिटं आयसोलेशन, मग एकच स्टेप दोन्ही बाजूंनी. डावी बाजू आधी घ्या. उजवी आपोआप येते, म्हणून डावीला कायम उरलेला वेळ मिळतो. शेवटचं गाणं मोकळं सोडा: फक्त बाउन्स आणि टू-स्टेप वापरून नाचा, दिशा बदला, आकार लहान-मोठा करा, तिसरी स्टेप आणू नका. दोनच गोष्टी हाताशी असल्या की त्यांच्यातलं वैविध्य शोधावंच लागतं, आणि फ्रीस्टाइलची, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसं नाचण्याची, भीती तिथेच मोडते.

आरसा निम्म्या वेळेपुरताच वापरा. आरशात बघताना मान स्थिर राहते आणि डोळे पायांवर खिळतात. त्याऐवजी मोबाइल कमरेच्या उंचीवर, साधारण तीन मीटर लांब ठेवा, पावलं चौकटीत येतील असा. पुढचा कॅमेरा चित्र उलटं करून साठवतो का ते एकदा सेटिंगमध्ये बघून घ्या, नाहीतर डावं-उजवं तपासताना गोंधळ होतो. मग व्हिडिओ आवाज बंद करून बघा. नुसतं शरीर बघून टाळी देता आली तर बाउन्स आहे. टाळी कुठे द्यायची तेच कळलं नाही तर पुन्हा पहिल्या गाण्यावर या, स्टेपमध्ये दुरुस्ती करत बसू नका.

---

चवडा_टाच

गुडघा ठीक झाल्यावर जोडणीसाठी हा एक आठ घ्या. वजनाच्या दोन्ही सवयी यात येतात.

१-अन्-२: उजवीकडून किक-बॉल-चेंज.
३: उजवा पाय उजवीकडे, वजन त्याच्यावर.
४: डाव्या चवड्याचा फक्त स्पर्श.
५-अन्-६: डावीकडून किक-बॉल-चेंज.
७: डावा पाय डावीकडे, वजन त्याच्यावर.
८: उजव्या चवड्याचा स्पर्श.

८ला उजवा पाय मोकळा राहतो, म्हणून न थांबता पुन्हा १ला जाता येतं. ४ला डावा पाय अडकला तर ३ला वजन पूर्ण गेलेलं नाही. आठही आकड्यांना कंबर खाली, किकच्या वेळीसुद्धा. किक मारताना उभा पाय ताठ करून वर जाण्याचा मोह सगळ्यांना होतो, त्यामुळे १ आणि ५ वरच बाउन्स सुटतो. तेवढे दोन बीट आधी वेगळे घ्या: नुसती किक आणि उभा गुडघा वाकलेला, दहा-दहा वेळा, मग सगळं एकत्र ८५ला.